निद्रिस्त आदिदैवते (वैश्विक भयकथा)

माणसाच्या कितीतरी आधीपासून असलेल्या आणि समुद्रतळाशी, जमिनीच्या पोटात किंवा अवकाशात झोपी गेलेल्या महाशक्तींची ही कल्पना आहे. या शक्ती माणसाच्या वैरी नसतात. माणूस त्यांच्या खिजगणतीतच नसतो, आणि खरी भीती तिथेच आहे.

अमेरिकी भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टने 1926 साली लिहिलेल्या आणि 'विअर्ड टेल्स' मासिकाच्या फेब्रुवारी 1928 च्या अंकात आलेल्या 'द कॉल ऑफ क्थुलू' या कथेने कल्पनेचा साचा पक्का केला. दक्षिण पॅसिफिकमध्ये बुडालेल्या र्ल्येह नगरीत क्थुलू झोपलेला आहे. तो अगदी शेवटीच दिसतो. आधी दिसतात ते मातीचे शिल्प, कलावंतांना पडणारी स्वप्ने, लुइझियानाच्या दलदलीतला पोलिसांचा छापा आणि एका खलाशाचे टिपण. भूकंपाने नगरीचा माथा वर येतो. तिथला प्रचंड दरवाजा आडवा आहे की तिरपा, हेच खलाशांना ठरवता येत नाही. जहाज क्थुलूच्या डोक्यात घुसते, तरी फुटलेले डोके पुन्हा सांधू लागते.

एक गैरसमज सर्रास आढळतो: विश्व हे अझाथोथचे, म्हणजे लव्हक्राफ्टच्याच कथांतल्या एका महाशक्तीचे, स्वप्न आहे. लव्हक्राफ्टने तसे लिहिलेले नाही. झोपलेला निर्माता आणि तो जागा झाला की सगळ्याचा शेवट, ही कल्पना आयरिश लेखक लॉर्ड डनसेनीच्या 1905 च्या 'द गॉड्स ऑफ पेगाना'मधली. तिथे त्याला झोपवून ठेवायला स्कार्ल अखंड ढोल वाजवतो. पुढे लव्हक्राफ्टच्या कल्पनांवर कथा लिहिणाऱ्या ऑगस्ट डर्लेथने या शक्तींची पृथ्वी, पाणी, वारा आणि अग्नी अशी वाटणी केली आणि त्यांच्याविरुद्ध सज्जन देव उभे केले. त्याने कल्पनेची धारच गेली.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी वाचकापुढे ही कल्पना मांडताना वेगळीच अडचण येते. इथे देव आषाढीला झोपतो, कार्तिकीला उठतो, काकडआरतीने त्याला जागे करतात. ग्रामदेवता जागृत असणे ही तर गावाची शानच. देव जागा झाला म्हणजे गाव निर्धास्त. म्हणून कथेतल्या शक्तीला नवस, मूर्ती, यात्रा यांपैकी काहीही देऊ नये, आणि पूजेतल्या देवाला तिच्या जागी मुळीच बसवू नये.

जागेची मात्र वाण नाही. हिडकल धरणात बुडालेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर पाणी ओसरले की उघडे पडते. विठ्ठलाला हात न लावता आसपासच्या गाळात कुठल्याच काळाशी न जुळणारी एखादी भिंत दाखवता येते. पुराव्यांची साखळीही इथे सहज जमते: हळेकन्नड (जुन्या कन्नडमधले) शिलालेख, भूसंपादनाची कन्नड कागदपत्रे आणि ती वाचायला शेजाऱ्याकडे जावे लागणारा मराठी निवेदक. प्रत्येक वाचनात एखादी ओळ सुटते, म्हणून उलगडा आपोआप लांबतो.

कथा फसते ती बहुधा शेवटी. शक्ती बोलू लागली की तिला हेतू येतो, हेतू आला की तिच्याशी सौदा करता येतो. मांत्रिकाने अंगारा फुंकून तिला बांधले, तर उरते नेहमीची भूतकथा.