चाळिशी लागली म्हणजे नक्की काय लागलं? युंगच्या 'दुपारी'ची पार्श्वभूमी

मराठीत चाळिशी हा एकच शब्द वयालाही चालतो आणि चष्म्यालाही. मला दोन्ही एकाच वर्षात लागल्या. चष्म्याचं काम दुकानदाराने वीस मिनिटांत उरकलं, वयाचं अजून चालू आहे. आणि ते चालू असताना माणूस रात्री अकरा वाजता फोनवर जे काय काय बघत बसतो त्यात हल्ली एक नाव सारखं समोर येतं, कार्ल युंग हा स्विस मनोविकारतज्ज्ञ. शॅडो वर्क करा (म्हणजे स्वतःतल्या नाकारलेल्या बाजूला भिडा), खरे 'तुम्ही' शोधा, मिडलाइफ क्रायसिस म्हणजे युंगच्या मते आत्म्याची हाक, त्यासाठी शनिवार-रविवार वर्कशॉप, राहणं-जेवण धरून. यातलं बरंचसं युंगच्या नावावर खपतं पण त्याचं नाहीये, आणि जे खरंच त्याचं आहे ते एवढं गुळगुळीत नाहीये. म्हणून म्हटलं हे सगळं मुळात आलं कुठून ते एकदा लिहून काढू.

युंग १८७५ चा, स्वित्झर्लंडमधल्या केसविल गावचा, वडील पाद्री, घरची परिस्थिती बेताची. डॉक्टर झाला, १९०० च्या डिसेंबरात झुरिचच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयात लागला, १९०३ मध्ये एमा राउशेनबाखशी लग्न केलं. ती शाफहाउझेनच्या घड्याळ कारखानदाराची मुलगी, म्हणजे तिथल्या गडगंज घरांपैकी एक (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). १९०७ मध्ये व्हिएन्नाला मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याला भेटायला गेला तर दोघं म्हणे तेरा तास बोलतच बसले. फ्रॉइडला वारस मिळाला, युंगला बापाच्या जागी कोणीतरी मिळालं, १९०९ मध्ये दोघं बोटीने अमेरिका करून आले आणि १९१० मध्ये आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला तो युंगच. झुरिचजवळ क्युस्नाख्टला तळ्याकाठी स्वतःचं मोठं घर, खाजगी प्रॅक्टिस, मुलंबाळं. पस्तिशीतच, आपल्याकडे ज्याला 'सेटल झाला' म्हणतात, तसा पूर्ण सेटल.

मग बिनसलं. फ्रॉइड मनातलं सगळं फिरवून फिरवून लैंगिकतेवर आणून ठेवतो हे युंगला पटेना, त्याने १९१२ पर्यंत मिथकं आणि धर्म वगैरे घेऊन वेगळीच मांडणी केली, आणि १९१३ च्या जानेवारीत फ्रॉइडचं पत्र आलं की आता आपले वैयक्तिक संबंध थांबवूया. पुढच्या वर्षी अध्यक्षपद गेलं, विद्यापीठातलं शिकवणंही त्याने स्वतःच सोडलं. वय ३८. त्याआधी ऑक्टोबरात ट्रेनने शाफहाउझेनला जात असताना त्याला जागेपणी दिसलं की उत्तर समुद्रापासून आल्प्सपर्यंत सगळा युरोप पाण्याखाली गेलाय, त्यात मढी तरंगतायत, आणि नंतर त्या पाण्याचं रक्त झालं. तासभर हे चाललं. रोज वेड्यांवर उपचार करणाऱ्या माणसाला आपल्यालाच वेड लागतंय असं वाटणं म्हणजे काय असेल विचार करा. दहा महिन्यांनी पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्याला उलट हायसं वाटलं, की चला, हे फक्त माझ्या डोक्यात नव्हतं. त्याच्या भक्तांना ही भविष्यवाणी वाटते. मला नाही वाटत, पण त्याला काय वाटलं ते महत्त्वाचं.

आता इथे तो काय करतो ते बघण्यासारखं आहे, आणि हा भाग वर्कशॉपवाले कोणी सांगत नाहीत. स्वतःचं सगळं शास्त्र स्वतःवर लावून झालं, लहानपणच्या आठवणी दोनदा उकरून झाल्या, काही हाती लागलं नाही. शेवटी म्हणाला मला काही कळत नाही, मनात जे येईल ते करतो. आणि मनात काय आलं, तर दहा-अकरा वर्षांचा असताना आपण ठोकळ्यांची घरं रचायचो ते. मग हा प्रसिद्ध डॉक्टर रोज दुपारी जेवण झालं की तळ्याच्या काठावर जाऊन दगड गोळा करायचा आणि छोटी छोटी घरं बांधत बसायचा, पेशंट येईपर्यंत. संध्याकाळी काम लवकर आटपलं तर पुन्हा. घरं झाली, किल्ला झाला, आख्खं गाव झालं, चर्चही झालं पण चर्चमध्ये वेदी काही बसवेना, बरेच दिवस ते तसंच राहिलं, मग एकदा फिरताना वाळूत लाल रंगाचा चार बाजूंचा टोकदार दगड सापडला, जेमतेम दीड इंच उंचीचा, तो वेदी म्हणून आत ठेवला आणि लहानपणचं एक भयंकर स्वप्न त्याला आठवलं. आपल्याकडे दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात ना, तेच, फक्त पोराचं वय अडतीस. हे करताना किती लाज वाटली तेही त्याने म्हातारपणी प्रांजळपणे सांगून ठेवलंय.

दुसरी गोष्ट, हे सगळं चालू असताना त्याने पेशंट बघणं थांबवलं नाही. आठवणींमध्ये तो म्हणतो की मला धरून ठेवलं ते अगदी साध्या गोष्टींनी, माझ्याकडे स्विस विद्यापीठाची डॉक्टरकीची पदवी आहे, पेशंटना मदत केली पाहिजे, बायको आहे, पाच मुलं आहेत, मी क्युस्नाख्टमध्ये झेस्ट्रासेवर २२८ नंबरच्या घरात राहतो. स्वतःचा पत्ता स्वतःलाच सांगत राहायचं! चाळिशीत आतली हाक आली म्हणून राजीनामा टाकून डोंगरात जाणारे लोक युंगचं नाव घेतात तेव्हा मला हा घर नंबर २२८ आठवतो.

अर्थात त्याचं हे परवडणारं संकट होतं. घरात एमाचा पैसा होता, हप्ते नव्हते, आणि घर, मुलं, पाहुणे सगळं तीच ओढत होती. शिवाय टोनी वोल्फ, आधी त्याची पेशंट, मग सहकारी आणि प्रेयसी, हे एमाला माहीत होतं आणि पुढे वर्षानुवर्षं तिने ते निभावून नेलं. त्याच्या आत्मशोधाचं अर्धं बिल या दोन बायकांनी भरलं असं म्हटलं तर फार चुकीचं होणार नाही.

त्या वर्षांत आत जे जे दिसलं ते त्याने आधी वह्यांत उतरवलं, मग लाल चामड्याच्या बांधणीच्या एका जाड पुस्तकात सुंदर अक्षरात, चित्रं काढून, जवळजवळ सोळा वर्षं, आणि १९३० च्या सुमारास अर्धवटच सोडून दिलं. हेच ते रेड बुक. वारसदारांनी ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं होतं, छापून आलं थेट २००९ मध्ये, सोनू शामदासानी या लंडनच्या इतिहासकाराने संपादन करून.

पण आपल्या विषयासाठी रेड बुकपेक्षा १९३० सालचं त्याचं एक छोटं लिखाण जास्त कामाचं आहे, आयुष्याच्या टप्प्यांवरचं. त्यात तो माणसाचं आयुष्य सूर्यासारखं धरतो. सकाळी वर चढायचं, पसरायचं, शिक्षण-नोकरी-लग्न-पैसा, दुपारी बारा वाजता माथ्यावर, आणि तिथून उतरण सुरू, आणि गंमत अशी की उतरणीला सकाळचे नियम उलटे होतात, सूर्याने किरणं बाहेर फेकायच्या ऐवजी आत ओढून घ्यावीत तसं काहीतरी. सकाळच्या वेळापत्रकाने दुपार जगता येत नाही हे त्याचं म्हणणं. ही दुपार त्याने साधारण पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान धरलीये. त्याच्याकडे येणाऱ्यांत दोन तृतीयांश लोक आयुष्याच्या उत्तरार्धातले होते, आणि सुमारे एक तृतीयांश लोकांना कुठलाच नाव देण्यासारखा आजार नव्हता, फक्त आयुष्याला अर्थ उरला नव्हता, हेही त्याने त्याच काळात लिहिलंय.

त्यातली उदाहरणं मात्र खास आहेत. चर्चचा कारभार बघणारा एक धार्मिक गृहस्थ, चाळिशीनंतर जास्त जास्त कडक होत गेला, नीतिमत्तेवरून कोणालाच सोडेना, तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं. पंचावन्नाव्या वर्षी एका रात्री ताडकन अंथरुणात उठून बसला आणि बायकोला म्हणाला, आत्ता कळलं, मी एक नंबरचा हलकट माणूस आहे. आणि मग राहिलेली वर्षं चैन करण्यात घालवली आणि बरीचशी संपत्ती उडवली! शॅडो म्हणजे काय याचं याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला कुठे सापडलं नाही. आपण जे नाकारून तळघरात टाकतो ते मरत नाही, खाली बसून व्याज खातं. दुसरं उदाहरण नवरा-बायकोचं, पंचेचाळीस-पन्नाशीत नवरा धंदा गुंडाळतो आणि बायको छोटं दुकान टाकते, नवरा तिथे पडेल ती कामं करतो. बाईतला दबलेला पुरुष आणि पुरुषातली दबलेली बाई दुपारनंतर वर येतात, हा त्याचा मुद्दा. बाई म्हणजे भावना आणि पुरुष म्हणजे कर्तृत्व ही वाटणी आज वाचताना खटकते, पण पोरं मोठी झाल्यावर स्वतःचा व्यवसाय सुरू करून एकदम खुललेल्या मावश्या-काकवा तर आपण सगळ्यांनीच बघितल्यात.

शॅडोच्या उलट बाजूला पर्सोना, म्हणजे आपण जगाला दाखवतो तो चेहरा. हा शब्द त्याने नटाच्या मुखवट्यावरून घेतला. मराठीत मुखवटा म्हटलं की लगेच ढोंग आठवतं, पण गौरीचा मुखवटा आठवून बघा, तो बसवल्याशिवाय गौर उभी राहत नाही. युंगचंही तसंच आहे, मुखवटा वाईट नाही, तो लागतोच, फक्त तोच चेहरा आहे असं वाटायला लागलं की घोळ.

१९३० च्या त्या लेखात तो विचारतो की विशीतल्यांसाठी कॉलेजं आहेत तशी चाळिशीतल्यांसाठी कुठे आहेत, आणि पूर्वी धर्म हेच ते कॉलेज होतं असं स्वतःच उत्तर देतो. इथे आपल्याला वानप्रस्थाश्रम आठवणारच. मनुस्मृतीत त्याची खूणही दिलीये, सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंड दिसलं की रान गाठावं. पण दोन्ही एकच आहे असं म्हणायची घाई नको. तिथे कधी निघायचं ते शरीर आणि कुटुंब सांगतं आणि कुठे जायचं तेही ठरलेलं, युंगच्या माणसाला ना खूण ना रान, त्याला आहे तिथेच बसून स्वतःचा रस्ता काढायचाय.

भारताशी त्याचा संबंध होता मात्र. 'सेल्फ', म्हणजे माणसाचं आतलं संपूर्ण रूप, या कल्पनेसाठी तो उपनिषदांतल्या आत्म्यापर्यंत आला होता, १९३२ मध्ये झुरिचला कुंडलिनीवर सेमिनार झालं होतं, आणि १९३७ च्या शेवटी इंडियन सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवासाठी सरकारी आमंत्रणावर तो इकडे आला. या प्रवासावरच्या त्याच्या लेखात मुंबईचंही वर्णन आहे. बनारस, अलाहाबाद, कलकत्ता या तीन विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिल्या, कलकत्त्याला हगवण लागून दहा दिवस हॉस्पिटलात काढले, दक्षिणेत गेला पण रमण महर्षींना भेटला नाही, मुद्दाम. आणि बॅगेत वाचायला काय, तर युरोपच्या किमयागारांचा लॅटिन ग्रंथ! हॉस्पिटलातून बाहेर आल्यावर स्वप्न पडलं तेही होली ग्रेलचं, म्हणजे युरोपातल्या दंतकथांमधल्या येशूच्या पवित्र प्याल्याचं. दुसऱ्याच्या अंगणातून उचललेलं ज्ञान आपल्याला पचणार नाही असं त्याला ठामपणे वाटायचं. आपण आता त्याच्या अंगणातून उचलतोय, तर हे त्याचंच म्हणणं आपल्यालाही लागू होतं का, मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

आणि मिडलाइफ क्रायसिस हा शब्द? तो युंगचा नाहीच. तो एलियट जॅक्स या कॅनेडियन मनोविश्लेषकाचा, १९५७ मध्ये लंडनला वाचलेला आणि १९६५ मध्ये छापून आलेला निबंध. त्याने मोठमोठ्या कलावंतांची आयुष्यं तपासली, ३०० हून जास्त, आणि त्याचा सूर होता मरणाचा, की आपण एक दिवस खरोखर मरणार हे पस्तिशीच्या आसपास पहिल्यांदा खरं वाटतं. १९७६ मध्ये पत्रकार गेल शीहीच्या पुस्तकाने तो विषय अमेरिकेत घरोघरी नेला, १९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेव्हिन्सनने ४० पुरुषांच्या मुलाखतींवरून मांडणी केली आणि त्यात युंगचे आभार मानले, झालं, शब्द एकाचा, अर्थ दुसऱ्याचा आणि या क्रायसिसमध्ये घ्यायची म्हणतात ती लाल स्पोर्ट्स कार जाहिरातवाल्यांची. पुढे २००० साली समाजशास्त्रज्ञ एलेन वेदिंग्टनने अमेरिकेतल्या लोकांना थेट विचारलं तर असा क्रायसिस आला म्हणणारे निघाले साधारण २६ टक्के, आणि त्यातही बऱ्याच जणांचं कारण वय नव्हतंच, घटस्फोट, नोकरी जाणं, घरात कोणी जाणं. त्यामुळे चाळिशी आली आणि काहीच झालं नाही तर काळजी करू नका. आपल्या ऑफिसात एचआरवाले चार अक्षरांची जी पर्सनॅलिटी टेस्ट घेतात तिचं मूळही युंगच्या १९२१ च्या पुस्तकात, पण ती बनवली अमेरिकेतल्या एका माय-लेकींनी, ब्रिग्ज आणि मायर्स, दोघींपैकी मानसशास्त्रज्ञ कोणीच नाही. माझी दर ट्रेनिंगला वेगळी अक्षरं येतात.

दगडांचं मात्र युंगने शेवटपर्यंत सोडलं नाही. आई गेल्यानंतर १९२३ मध्ये त्याने बोलिंगेनला तळ्याकाठी दगडी बुरूज बांधायला घेतला, आणि पुढची तीसेक वर्षं त्यात भर घालत राहिला. तिथे वीज नाही, पाणी पंपाने उपसायचं, लाकडं स्वतः फोडायची, स्वयंपाक स्वतः. १९५० मध्ये बागेच्या भिंतीसाठी खाणीतून दगड मागवले, कोपऱ्याचा दगड तिकोनी हवा होता, होडीतून आला तो भलामोठा चौकोनी ठोकळा, मापं चुकलेला. गवंडी भडकला, होडीवाल्यांना म्हणाला परत न्या. युंग म्हणाला नाही, हाच माझा दगड, राहू दे. आणि पंचाहत्तराव्या वर्षी छिन्नी-हातोडा घेऊन त्यावर अक्षरं कोरत बसला.