ब्रेक्झिट पेचप्रसंग

ब्रेक्झिट पेचप्रसंग : युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या प्रश्नावरून ब्रिटनमध्ये उद्भवलेला राजकीय व घटनात्मक पेचप्रसंग. याचा ऐन तीव्रतेचा काळ साधारणतः जुलै २०१८ ते डिसेंबर २०१९ असा धरतात; मात्र आरंभाविषयी एकमत नाही. या काळात थेरेसा मे यांना पंतप्रधानपद सोडावे लागले, बोरिस जॉन्सन यांनी संसदेचे सत्र संस्थगित केले ते सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविले आणि बाहेर पडण्याची मुदत तीनदा वाढवावी लागली. सरकारचा कॉमन्स सभागृहात (संसदेच्या लोकनिर्वाचित सभागृहात) २३० मतांनी पराभव झाला, तरीही ते अविश्वास ठरावावर एकदाही पडले नाही. सरकार पडतही नाही आणि चालतही नाही, ही अवस्था कशी उत्पन्न झाली हा या विषयाच्या अभ्यासातील खरा वादाचा मुद्दा होय.

पार्श्वभूमी : १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन तत्कालीन युरोपीय समुदायात सामील झाला व १९७५ च्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के मतदारांनी त्यात राहण्यास कौल दिला. २३ जून २०१६ च्या दुसऱ्या सार्वमतात ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. इंग्लंड व वेल्स बाहेर पडण्याच्या बाजूचे, तर स्कॉटलंड (६२ टक्के) व उत्तर आयर्लंड (५५.८ टक्के) राहण्याच्या बाजूचे, अशी ही विभागणी होती. राहण्याचा पुरस्कार करणारे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा जाहीर केला आणि १३ जुलै रोजी मे यांनी सूत्रे हाती घेतली.

उगमाविषयीची मते : या पेचाचे मूळ शोधताना अभ्यासक तीन ठिकाणी थांबतात. पहिले मत मास्ट्रिख्ट कराराकडे (१९९२; याच कराराने युरोपीय संघ स्थापन झाला) बोट दाखविते. त्या करारावरून सत्ताधारी हुजूर पक्षात पडलेली फूट पुढे कधीच सांधली गेली नाही, असे हे मत मानणारे सांगतात. २२ जुलै १९९३ रोजी जॉन मेजर यांच्या सरकारचा याच कराराच्या सामाजिक प्रकरणावरील (कामगारांच्या हक्कांविषयीच्या तरतुदींवरील) ठरावावर ३२४ विरुद्ध ३१६ असा पराभव झाला होता. दुसरे मत सार्वमताच्या रचनेला दोष देते. ‘राहावे की बाहेर पडावे’ एवढेच मतदारांना विचारले गेले. बाहेर पडून सीमाशुल्क संघात (आपसांत जकात नाही, बाहेरच्यांना एकच जकात) राहायचे काय, एकल बाजारपेठेत (सर्वत्र समान व्यापारी नियम) राहायचे काय, की सारेच सोडायचे, याचे उत्तर मतपत्रिकेत नव्हते आणि संसदेत तर मुळीच नव्हते. कायद्याच्या दृष्टीने ते सार्वमत सल्लादायी होते. राजकीय दृष्टीने मात्र ते मोडण्याची छाती दोन्ही मोठ्या पक्षांना नव्हती.

तिसरे मत ८ जून २०१७ च्या सार्वत्रिक निवडणुकीला निर्णायक मानते. पक्षातील बंडखोरांना शह देण्यासाठी मे यांनी मुदतीपूर्वीच निवडणूक घेतली आणि असलेले बहुमतही गमावले. ६५० जागांच्या सभागृहात हुजूर पक्षाला ३१७, तर मजूर पक्षाला २६२ जागा मिळाल्या. उत्तर आयर्लंडमधील डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या (डीयूपी) दहा सदस्यांच्या बाहेरून पाठिंब्यावर सरकार उभे राहिले. पक्षातील फूट जुनी होती आणि प्रश्नाची संदिग्धताही जुनी होती. त्यांना सरकार रोखून धरण्याची ताकद मिळाली ती या त्रिशंकू सभागृहामुळे. म्हणून हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. परंतु त्याला निश्चित मुदतीच्या संसदेविषयीच्या २०११ च्या कायद्याची (याची चर्चा पुढे येते) जोड दिल्याशिवाय ते पुरे होत नाही.

अनुच्छेद ५० व मुदतीचा काच : युरोपीय संघाच्या करारातील अनुच्छेद ५० नुसार बाहेर पडू इच्छिणाऱ्या राष्ट्राने तशी सूचना दिली की दोन वर्षांची मुदत सुरू होते. करार झाला नाही तरी मुदतीअंती सदस्यत्व आपोआप संपते. मुदतवाढीला उरलेल्या सर्व सदस्य राष्ट्रांची एकमुखी संमती लागते. ही सूचना राजसत्तेच्या परमाधिकाराखाली, संसदेला न विचारता देता येईल असा सरकारचा दावा होता. जीना मिलर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०१७ रोजी आठ विरुद्ध तीन अशा बहुमताने तो फेटाळला. मग खास कायदा करून २९ मार्च २०१७ रोजी सूचना देण्यात आली, म्हणजे बाहेर पडण्याचा दिवस २९ मार्च २०१९ ठरला. सूचना दिल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत मे यांनी निवडणूक जाहीर केली. वाटाघाटीच्या मुदतीतले दिवस त्यात खर्ची पडले, याकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही.

आयर्लंडची सीमा : वाटाघाटींतील सर्वांत अवघड गाठ उत्तर आयर्लंड व आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातील सुमारे ५०० किमी. लांबीच्या सीमेची होती. उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्ष मिटविणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तेथील लष्करी चौक्या गेल्या आणि दोन्हीकडचे लोक, दूध, जनावरे व माल विनाअडथळा ये-जा करू लागले. ब्रिटन सीमाशुल्क संघाबाहेर गेला, तर तेथे तपासणी नाके पुन्हा उभे करावे लागले असते. नोव्हेंबर २०१८ च्या माघार करारात यावर तोडगा होता तो ‘बॅकस्टॉप’चा. दुसरी व्यवस्था ठरेपर्यंत सारा ब्रिटन युरोपीय संघाबरोबर एकाच सीमाशुल्क क्षेत्रात राहील आणि उत्तर आयर्लंड त्याखेरीज एकल बाजारपेठेचे काही नियमही पाळील, अशी ती तरतूद होती. तीतून एकतर्फी बाहेर पडण्याची मुभा नव्हती. कडव्या ब्रेक्झिटवाद्यांना हा कायमचा फास वाटला. डीयूपीचा आक्षेप उत्तर आयर्लंडला वेगळे नियम लावण्याला होता. महान्यायवादी जेफ्री कॉक्स यांचा गोपनीय सल्ला संसदेपुढे ठेवण्यास सरकारने नकार दिला, तेव्हा ४ डिसेंबर २०१८ रोजी ३११ विरुद्ध २९३ मतांनी सरकारने सभागृहाचा अवमान केल्याचा ठराव संमत झाला. दुसऱ्या दिवशी सल्ला प्रसिद्ध करावा लागला. बॅकस्टॉप अनिश्चित काळ टिकू शकेल, असेच त्यात म्हटले होते.

आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर यांचे पितृघराणे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील वराड गावचे. त्यामुळे हा सीमाप्रश्न मराठी वृत्तपत्रांतून एरवीपेक्षा अधिक आपुलकीने वाचला गेला.

मे सरकारचे पराभव : ६ जुलै २०१८ रोजी चेकर्स या पंतप्रधानांच्या ग्रामीण निवासस्थानी झालेल्या बैठकीत मंत्रिमंडळाने मवाळ धोरण स्वीकारले आणि तीन दिवसांत ब्रेक्झिट खात्याचे मंत्री डेव्हिड डेव्हिस व परराष्ट्रमंत्री जॉन्सन बाहेर पडले. नोव्हेंबरात करार जाहीर होताच डेव्हिस यांच्या जागी आलेले डॉमिनिक राब यांनीही राजीनामा दिला. १२ डिसेंबर रोजी पक्षांतर्गत विश्वासमतात मे २०० विरुद्ध ११७ मतांनी तरल्या. मात्र १५ जानेवारी २०१९ रोजी करार सभागृहापुढे आला तेव्हा बाजूने २०२ व विरोधात ४३२ मते पडली. सरकारचा एवढा मोठा पराभव आधुनिक ब्रिटिश संसदेत दुसरा नाही. १२ मार्च रोजी तोच करार १४९ व २९ मार्च रोजी ५८ मतांनी पुन्हा पडला. तिसऱ्या खेपेस करार संमत झाला तर पद सोडू, असेही मे यांनी आधी सांगून पाहिले होते.

विश्वासाचा प्रश्न आणि २०११ चा कायदा : जुन्या संकेतानुसार पंतप्रधानाला एखादे महत्त्वाचे मतदान ‘सरकारवरील विश्वासाचा प्रश्न’ म्हणून जाहीर करता येई, ते हरले तर राजीनामा किंवा निवडणूक. बंडखोरांना वठणीवर आणण्याचे ते हुकमी हत्यार होते. १९९३ मध्ये मेजर यांनी नेमके तेच वापरले. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी करारविषयक धोरणावर विश्वासमत मागितले आणि निवडणुकीच्या धास्तीने बंडखोर मुकाट्याने परतले. २०१९ मध्ये मे यांच्या हाती हे हत्यार नव्हते. हुजूर व लिबरल डेमोक्रॅट यांच्या आघाडी सरकारने निश्चित मुदतीच्या संसदेचा जो कायदा २०११ मध्ये केला, त्याने मुदतपूर्व निवडणुकीच्या दोनच वाटा ठेवल्या : एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश, म्हणजे ४३४ सदस्यांनी तसा ठराव करणे, किंवा कायद्यात दिलेल्या ठरावीक शब्दांचा अविश्वास ठराव संमत होऊन चौदा दिवसांत कोणत्याही सरकारने विश्वास न मिळविणे. करारावरील मतदान यांपैकी कशातच बसत नव्हते. म्हणून १५ जानेवारीला सरकारविरुद्ध मत देणारे हुजूर सदस्य व डीयूपी १६ जानेवारीच्या अविश्वास ठरावावर सरकारच्याच बाजूने उभे राहिले आणि सरकार ३२५ विरुद्ध ३०६ मतांनी वाचले.

या कायद्याला इतके महत्त्व द्यावे काय, याविषयी दुमत आहे. जुना संकेत असता तरी मजूर पक्षाच्या हाती सत्ता जाण्याच्या भीतीने मे यांनी तो वापरला नसता, असा एक युक्तिवाद केला जातो. तो मे यांच्यापुरता खरा असू शकेल. परंतु जॉन्सन यांना निवडणूक हवी होती. त्यांनी ती तीनदा मागितली (४ व ९ सप्टेंबर, २८ ऑक्टोबर) आणि तिन्ही वेळा ४३४ चा आकडा गाठता आला नाही. बहुमत नसलेला पंतप्रधान निवडणूक मागतो आणि विरोधक त्याला खुर्चीवर बसवून ठेवतात, हा प्रकार जुन्या व्यवस्थेत संभवतच नव्हता.

कामकाजाचा ताबा : कॉमन्स सभागृहाचा स्थायी आदेश (कामकाजाचा नियम) क्र. १४ सरकारी कामकाजाला अग्रक्रम देतो. कोणत्या दिवशी काय घ्यायचे हे सरकार ठरविते. ९ जानेवारी २०१९ रोजी सभापती जॉन बर्को यांनी हुजूर पक्षातील बंडखोर सदस्य डॉमिनिक ग्रीव्ह यांची उपसूचना अशा एका कामकाजविषयक ठरावाला मांडू दिली, ज्यावर चर्चा वा उपसूचना होत नाही असाच तोवरचा समज होता. पुढे २५ मार्चला त्याच पक्षाचे ऑलिव्हर लेटविन यांच्या उपसूचनेने स्थायी आदेशच एका दिवसापुरता बाजूला ठेवण्यात आला आणि २७ मार्चला सदस्यांनी छापील कागदावर होय-नाही अशा खुणा करून आठ पर्यायांवर मते दिली. आठही पडले. १ एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत सीमाशुल्क संघाचा पर्याय २७३ विरुद्ध २७६ असा, अवघ्या तीन मतांनी हुकला. ३ एप्रिलला एका उपसूचनेवर ३१०–३१० अशी समान मते पडली व सभापतींना निर्णायक मत द्यावे लागले. याआधी असा प्रसंग १९९३ च्या मास्ट्रिख्ट चर्चेतच आला होता. त्याच रात्री मुदतवाढ मागण्यास सरकारला भाग पाडणाऱ्या विधेयकाचे तिसरे वाचन एका मताने संमत झाले.

बर्को यांनी १८ मार्चला १६०४ पासूनचा एक दाखला देऊन, तोच प्रस्ताव त्याच सत्रात फिरून आणता येणार नाही असा निर्णय दिला. त्यांनी सभागृहाचे हक्क राखले, असे एक पक्ष मानतो. पंचच खेळात उतरला, असे दुसरा. जानेवारीच्या निर्णयाविरुद्ध त्यांच्याच सचिवांचा सल्ला होता, अशा बातम्या त्या वेळी आल्या होत्या. उलट मार्चचा निर्णय रूढ नियमाला धरून होता, असे म्हणण्यास आधार अधिक आहे. या दोन निर्णयांची गल्लत पुष्कळ लेखनात आढळते.

जॉन्सन सरकार व सत्र संस्थगिती : मे महिन्यातील युरोपीय संसदेच्या निवडणुकीत हुजूर पक्ष चार जागांवर घसरला. मे यांनी पद सोडल्यावर २४ जुलै २०१९ रोजी जॉन्सन पंतप्रधान झाले. ३१ ऑक्टोबरपर्यंत करारासह वा कराराविना बाहेर पडू, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्या सल्ल्यावरून २८ ऑगस्टला राणीने सत्र संस्थगितीस मान्यता दिली. संसद सुमारे पाच आठवडे बंद राहणार होती. एरवी ही संस्थगिती थोड्या दिवसांची असते. ३ सप्टेंबर रोजी कामकाजाचा ताबा सभागृहाकडे घेण्याच्या ठरावावर हुजूर पक्षाच्या २१ सदस्यांनी सरकारविरुद्ध मत दिले. त्यात दोन माजी अर्थमंत्री आणि विन्स्टन चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. सर्वांना पक्षाने बाहेर काढले. त्यातून झालेल्या कायद्याने करार नसल्यास मुदतवाढ मागणे पंतप्रधानांवर बंधनकारक झाले.

१० सप्टेंबरच्या पहाटे संस्थगितीचा विधी सुरू होताच काही सदस्यांनी बर्को यांच्या आसनाला गराडा घातला; हातांत ‘आवाज दाबला’ अशा अर्थाचे फलक होते. १६२९ मध्ये चार्ल्स राजाच्या आज्ञेनंतरही सभापतीला सदस्यांनी खुर्चीत दाबून धरले होते, त्याची ती आठवण होती. लंडनच्या उच्च न्यायालयाने हा प्रश्न न्यायकक्षेबाहेरचा मानला, तर स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने संस्थगिती बेकायदा ठरविली. २४ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला : वाजवी कारण न देता संसदेला तिचे घटनात्मक काम करण्यापासून रोखणारा सल्ला बेकायदा आहे, सबब संस्थगिती झालीच नाही. न्यायालयाने पंतप्रधानांच्या हेतूची चिकित्सा टाळून केवळ परिणामावर बोट ठेवले.  निकालाच्या टीकाकारांचा आक्षेप आहे तो परमाधिकाराच्या वापरावर न्यायालयाने मर्यादा घालण्याला.

शेवट : १० ऑक्टोबर रोजी लिव्हरपूलजवळ जॉन्सन व वराडकर यांची भेट झाली आणि आठवड्यात नवा करार ठरला. बॅकस्टॉप गेला; त्याऐवजी मालाची तपासणी आयरिश समुद्रात सरकली. डीयूपीने पाठिंबा काढून घेतला. १९ ऑक्टोबरला शनिवार असूनही सभागृह बसले, १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर प्रथमच. करारावरील निर्णय लांबणीवर पडला. त्या रात्री ब्रुसेल्सला दोन पत्रे गेली : कायद्याने सांगितलेले मुदतवाढीचे पत्र जॉन्सन यांच्या सहीविना, आणि मुदतवाढ चुकीची ठरेल असे सांगणारे सहीनिशी. युरोपीय संघाने पहिले ग्राह्य धरले.

४३४ ची अट ओलांडण्यासाठी अखेर वेगळाच छोटा कायदा साध्या बहुमताने करण्यात आला आणि १२ डिसेंबर २०१९ रोजी निवडणूक झाली. हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या. ३१ जानेवारी २०२० रोजी रात्री ११ वाजता ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडला. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड या तिन्ही विधिमंडळांनी माघार विधेयकास संमती नाकारली होती. संसदेने ते तसेच संमत केले. उत्तर आयर्लंडविषयक तरतुदींत फेब्रुवारी २०२३ च्या विंझर चौकटीने (ब्रिटन व युरोपीय संघ यांच्यातील समझोत्याने) फेरबदल झाले.

२०११ चा कायदा २०२२ मध्ये रद्द करून विसर्जनाचा परमाधिकार पुन्हा प्रस्थापित करण्यात आला. त्या अधिकाराचा वापर न्यायालयात तपासता येणार नाही, असे कलमही नव्या कायद्यात आहे. सत्र संस्थगितीला मात्र ते लागू होत नाही.