उडीच्या फळीचं वजन नेमकं असतं कुठे?

ताणकाट्याला अडकवली तर दीडेक मीटरची स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावर उभ्यानं घसरायची फळी, साधारण अडीच ते तीन किलो भरते. बेळगाव, निपाणी, खानापूरकडून गुलमर्ग किंवा औलीच्या बर्फावर जाणारी पोरं उड्यांसाठी फळी घेताना आधी हाच आकडा विचारतात आणि दोन-तीनशे ग्रॅम कमी व्हावेत म्हणून जास्तीचे पैसे मोजतात. ते ग्रॅम फळीच्या कुठल्या भागातून गेले हे मात्र कुणी विचारत नाही. खरी मेख तिथे आहे.

साधा हिशेब करू. माणूस ७० किलोचा; बूट, बाइंडिंग (बूट फळीला जखडणारी पकड), फळी आणि कपडे धरून सगळा बोजा ८० किलो. फळी ३०० ग्रॅमनं हलकी झाली तर एकूण वजन अर्ध्या टक्क्यानंही घटत नाही. जागच्या जागी मारलेल्या ३० सेंटिमीटरच्या उडीत यानं जेमतेम एक मिलिमीटरची भर पडते. बर्फाच्या उंचवट्यावरून घेतलेल्या उडीची उंची तर वेगावर आणि उंचवट्याच्या कडेच्या कोनावर ठरते.

मग हलकेपणाचा उपयोग कशाला? हवेत फिरायला. शिवजयंतीच्या मिरवणुकीत बनेटी फिरवणाऱ्याला विचारा. दोन्ही टोकांना गोळे असलेली काठी आणि तेवढ्याच वजनाची साधी काठी, यांतली कुठली मनगटाला जड जाते हे त्याला सांगावं लागत नाही. फिरवण्याला होणारा हा विरोध, पुस्तकी भाषेत जडत्व आघूर्ण, मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गानं वाढतो. फळी सगळीकडे सारखी जाड आणि रुंद धरली, तर दोन्ही टोकांकडचा एकेक चतुर्थांश भाग मिळून या विरोधातला ८७ टक्के वाटा उचलतो.

आकड्यांत बघा. २.७ किलो आणि दीड मीटर लांबीच्या फळीचा विरोध सुमारे ०.५ किलोग्रॅम-मीटर वर्ग येतो. हात जवळ घेऊन ताठ उभ्या माणसाचा विरोध १ च्या थोडा पुढे असतो, म्हणजे एवढीशी फळी त्याच्या निम्म्याजवळ जाते. बूट-बाइंडिंग मिळून फळीपेक्षा जड, पण ते मध्यापासून २५-३० सेंटिमीटरवरच असल्यामुळे त्यांचा वाटा फळीच्या निम्म्याच्या आसपास. मध्यापासून ६५ सेंटिमीटरवरचे १५० ग्रॅम काढले तर फळीचा विरोध १२ टक्क्यांनी उतरतो. तेच ग्रॅम पायांमधल्या भागातून काढले, तर एक टक्क्याच्या आसपास. म्हणून दुकानात फळी मधोमध दोन्ही हातांनी धरायची आणि डावी-उजवीकडे झटक्यानं वळवून बघायची. ताणकाट्यापेक्षा मनगट इथे खरं बोलतं.

लांबीचा हिशेब आणखी कडक आहे. एकाच बनावटीच्या १५० आणि १५६ सेंटिमीटरच्या फळ्या घेतल्या तर लांबी वाढते ४ टक्के, विरोध वाढतो १२ टक्क्यांहून जास्त. उड्यांसाठी नेहमीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आखूड फळी घेतात ती याच कारणानं. मात्र त्या लांबीसाठी कंपनीनं दिलेल्या वजनाच्या मर्यादेत तुम्ही बसलं पाहिजे. उंचीवरून फळी निवडायची जुनी पद्धत सोडून द्या. फळीला तुमचं वजन कळतं, उंची नाही.

आता उसळी. हलकी आणि उसळती हे दोन वेगळे गुण आहेत. ट्रकच्या चाकांवरचे कमानपाटे आठवा: बोजा आला की कमान सपाट होते, बोजा उतरला की परत उठते. पूर्ण कॅम्बरची, म्हणजे मधे कमान असलेली, फळी नेमकी तशीच. शहाबादी फरशीवर ठेवली की टोकांजवळ टेकते आणि मधे पाच ते आठ मिलिमीटर उचललेली राहते. शिसपेन्सिल साधारण सात मिलिमीटर जाड असते. ती मधोमध आत सरकते का बघा. मग तळव्यानं फळी फरशीला टेकवून सोडा. चटकन उठली तर जिवंत, आळसावून उठली तर उडीला उपयोग नाही. टेकणाऱ्या दोन्ही रेघा पूर्ण टेकल्या पाहिजेत. एखादा कोपरा अधांतरी असेल तर फळीला पीळ बसला आहे, घेऊ नका. रॉकर म्हणजे उलटी कमान. ती नवशिक्याला माफ करते, पण उसळी कमी देते. कॅम्बर ठेवून फक्त टोकं किंचित उचललेली फळी हा चांगला मध्यम मार्ग.

उसळी साठते ती लाकडाच्या गाभ्यात आणि त्याच्या वर-खाली चिकटवलेल्या काचतंतूंच्या थरांत. पॉप्लरचं लाकूड घनमीटरला चारशे-साडेचारशे किलोचं, पावलोनिया तीनशेच्याही आत, आपल्या पांगाऱ्यासारखं. म्हणून चांगले कारागीर पायाखाली पॉप्लर ठेवतात आणि टोकांकडे पावलोनिया वाढवतात. सगळा गाभाच पावलोनियाचा केला की बाइंडिंगच्या स्क्रूंभोवती लाकूड दबतं. नुसती जाडी उतरवून वजन कमी करणं त्याहून वाईट. ताठपणा जाडीच्या घनानं बदलतो. जाडी १० टक्के घटली की ताठपणा २७ टक्के गेला. मग उडीवरून उतरताना जरा मागे झुकलात की शेपूट दुमडते, कड सुटते आणि माणूस पाठीवर. कार्बनच्या पट्ट्या हा ताठपणा कमी वजनात परत देतात, पण कार्बन काचतंतूइतका ताणला जात नाही. दगडावर आपटला की तुटतो. अतिहलकी टोकं कडक बर्फावर फडफडतात, तेही धरून चाला.

दहापैकी चार ते सहा ताठपणाची, दोन्ही टोकं सारखी असलेली फळी बहुतेकांना पुरते. हे आकडे कंपनीगणिक बदलतात, तेव्हा एका कंपनीचा पाच दुसरीच्या पाचाशी ताडून बघू नका.

बुटाच्या नंबरात बरेच जण फसतात. आपल्याकडचा नंबर बहुधा ब्रिटिश मापाचा, फळीचे तक्ते बहुधा अमेरिकी. पुरुषांचा आपला ८ तिकडे ९ होतो. टाच भिंतीला लावून पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजलं की घोळच उरत नाही. बूट फळीच्या दोन्ही कडांबाहेर एक-दीड सेंटिमीटर आलेला चालतो. फार पुढे आला तर वळणावर चवडा बर्फात घासतो.

बर्फावरून परतल्यावर खरा शत्रू म्हणजे इकडचा पाऊस. कणकुंबी-खानापूरच्या पावसाळ्यात फळीच्या पोलादी कडा आठवड्यात तांबारतात. कडा कोरड्या फडक्यानं पुसून, तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर द्या आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत खरवडू नका. वरच्या थराला टवका गेला असेल तर आधी इपॉक्सीनं बुजवा, नाहीतर गाभा पाणी पिऊन फुगतो. दोन फळ्या तळाला तळ लावून, पट्ट्यानं करकचून आवळून ठेवू नका. डिसेंबरात पेन्सिल पुन्हा सरकवून बघा. आधी आत जात होती आणि आता जात नसेल तर कमान बसली.