शेवग्याचा पाला (कोंबड्यांचं पूरक खाद्य)

कोंबड्यांच्या रोजच्या दाण्याबरोबर शेवग्याचा ओला किंवा वाळवलेला पाला देतात, ती पद्धत. परसातल्या गावरान कोंबड्यांना जुडी टांगून देतात, लेअर (अंड्यांच्या) आणि ब्रॉयलर (मांसाच्या) कोंबड्यांच्या शेडमध्ये पावडर करून खाद्यात मिसळतात. तुळस, अडुळसा, कडुनिंब हा पालाही घालतात, पण पोटात जाणारं खाद्य म्हणून सगळ्यात जास्त चाचण्या झाल्यात त्या शेवग्याच्याच, म्हणून ही नोंद मुख्यतः त्याचीच आहे.

नाव : मराठीत शेवगा, शेगवा, शेगट अशी तिन्ही रूपं सापडतात. शेगट हे संस्कृत ‘शिग्रु’वरून आलं असं बहुतेक धरतात, आणि शेगवा-शेवगा ही अक्षरांची अदलाबदल असावी, हे पटण्यासारखं आहे. शास्त्रीय नावातलं ‘मोरिंगा’ मात्र दक्षिणेतलं. कोणी ते तमिळ ‘मुरुंगै’पासून मानतात, कोणी मलयाळममधल्या ‘मुरिंङ’पासून. केरळच्या किनाऱ्यावरून युरोपात गेलेल्या वनस्पतींच्या वर्णनांचा विचार केला तर मलयाळमची बाजू थोडी जड वाटते. लिनिअसने १७५३ मध्ये हे झाड सागरगोट्याच्याच वंशात टाकलं होतं, ते लामार्कने १७८५ मध्ये मोरिंगा वंशात आणलं. मूळ ठिकाण हिमालयाच्या पायथ्याचा वायव्य भारत, असं साधारण मानलं जातं.

पद्धत किती जुनी : आयुर्वेदाच्या जुन्या संहितांमध्ये शिग्रु आहे, पण तो माणसांसाठी. घोड्यांसाठी शालिहोत्र, हत्तींसाठी पालकाप्य अशी परंपरा सांगतात, कोंबडीच्या वाट्याला तसं स्वतंत्र नाव येत नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात (साधारण ११३०) कोंबड्यांच्या झुंजी येतात, म्हणजे निगुतीने कोंबडे पाळणं दख्खनला नवं नव्हतं, पण एवढ्यावरून शेवगा खाऊ घालायचे असं म्हणणं ओढूनताणून होईल. ‘प्राचीन पद्धत’ म्हणून जी विकली जाते ती खाद्यात टक्के मोजून पावडर घालायची रीत अलीकडचीच, आणि तिच्यामागचं खरं कारण अँटिबायोटिक. १९४० च्या दशकाच्या शेवटी कळलं की अँटिबायोटिकच्या बारीक मात्रेने पिल्लं लवकर वजन धरतात, मग जगभर ते खाद्यात गेलं, नंतर औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची भीती वाढली. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीचा हा वापर बंद केला, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून, भारतात २०१९ मध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या अशा वापरावर बंदी आली, आणि त्या रिकाम्या जागेत पाल्याला भाव आला.

मात्रा : सगळा घोळ इथेच आहे. चाचण्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं मोठं कारण म्हणजे कुठला पाला हे लोक बघतच नाहीत. ओल्या पाल्यात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं, किलोभर ओल्याची पावडर २०० ते २५० ग्रॅमच भरते. वाळलेल्या पाल्यात प्रथिनं साधारण २५ ते ३० टक्के, पण देठ-काड्या आल्या की तंतू वाढतो, आणि कोंबडीला गाईसारखी रवंथाची सोय नाही, तंतू तसाच बाहेर पडतो. खाद्याच्या ५ टक्क्यांपर्यंत वाळलेला पाला बहुतेक ठिकाणी निभावलाय, १० च्या पुढे वजन मागे पडल्याचं बऱ्याच चाचण्यांत दिसतं, तंतू आणि पाल्यातली टॅनिन-सॅपोनिन ही पचनाला आड येणारी द्रव्यं अशी त्याची कारणं देतात. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते, त्याचे ५ टक्के म्हणजे साडेपाच ग्रॅम पावडर, ओला धरला तर २५ ग्रॅमच्या आसपास. दहा कोंबड्यांना पाव किलो ओला पाला, झालं. आता तेच ५ टक्के कोणी ओला पाला तोलून घातले तर पोटात जेमतेम सव्वा टक्का जातो, आणि मग ‘शेवग्याने काही फरक पडत नाही’ म्हणून मोकळे होतात.

कॅल्शियमचंही तसंच. पाला कॅल्शियमने भरलेला हे खरं, वाळलेल्यात २ टक्क्यांच्या आसपास, पण साडेपाच ग्रॅममधून मिळतं एक दशांश ग्रॅम आणि अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज लागतं ४ ग्रॅमच्या जवळपास. शिंपल्यांचा चुरा बंद करून पाल्यावर भिस्त ठेवली की पातळ कवचाची अंडी ठरलेली.

बलक : इथे पाला खरोखर कामाचा. बलकाचा पिवळा रंग कोंबडी स्वतः तयार करू शकत नाही, तो खाण्यातूनच यावा लागतो. पिवळ्या मक्यातून येतो, ज्वारी आणि तांदळाच्या कणीतून जवळजवळ नाही. कणीवरच्या कोंबड्यांचं अंडं फोडलं की बलक फिका लिंबासारखा दिसतो, पाला सुरू केल्यावर आठ-दहा दिवसांत तो गडद होत जातो, कारण एक बलक भरायलाच साधारण तेवढे दिवस लागतात.

आजार : प्रयोगशाळेत शेवग्याच्या अर्काने काही जंतूंची वाढ थांबते, त्यावरून ‘मानमोडीवर रामबाण’ असं सांगितलं जातं. मानमोडी म्हणजे राणीखेत, विषाणूचा आजार, त्याला लसच लागते, पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा या लसीचा थेंब. पाल्याच्या भरवशावर लस चुकवली तर अख्खं खुराडं दोन-चार दिवसांत रिकामं होऊ शकतं.

इतर पाला : कडुनिंब कडू, जास्त झाला की कोंबड्या खाद्यच कमी खातात. निर्गुडी, सीताफळाचा पाला उवा-पिसवांसाठी खुराड्यात पसरतात, खायला नाही. सुबाभूळ शेवग्यासारखाच बारीक पानांचा म्हणून कोणी तोडून आणतं, त्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं, तलंगांची (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांची) वाढ खुंटते.

वाळवणं : उन्हात नको, रंगद्रव्य उडतं आणि पाला करडा पडतो. सावलीत कापडावर पातळ पसरून रोज हलवायचा, तीन-चार दिवसांत पान चिमटीत कुरकुरलं की तळहातावर चोळायचं, पानं खाली गळतात, देठ हातात राहतात, ते टाकून द्यायचे. पावसाळ्यात मात्र हे जमत नाही, पाला काळा पडून बुरशी धरतो आणि बुरशीचं विष कोंबडीच्या लिव्हरवर जातं, म्हणून त्या दिवसांत जुडीच बरी, कोंबडीला मान वर करून तोडावी लागेल एवढ्या उंचीवर टांगलेली, खाली ठेवली की तुडवून घाण करतात.