ब्लॉकची कुंपणभिंत आणि लोखंडी फाटक

घराच्या आवाराभोवती काँक्रीटच्या ब्लॉकांनी बांधलेली, छपराचा किंवा आडव्या भिंतीचा आधार नसलेली भिंत आणि तिच्यात ये-जा करण्यासाठी बसवलेले लोखंडी फाटक. भिंत गवंडी बांधतो, फाटक फॅब्रिकेटर करतो. त्यामुळे ही दोन स्वतंत्र कामे समजली जातात. प्रत्यक्षात ते एकच बांधकाम आहे. ते बिघडते तेव्हा बहुधा भिंत आणि फाटक जिथे एकत्र येतात तिथे, म्हणजे फाटकाच्या खांबापाशी बिघडते.

पोकळ ब्लॉक पाडणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत हार्मन पामर यांनी १९०० साली घेतले. आज सर्रास मिळणारा ब्लॉक ३९० × १९० × १९० मिमी मापाचा असतो; त्यात १० मिमीचा सांधा धरला की ४०० × २०० हे सोयीचे माप होते आणि एका चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक लागतात. विटा भिजवून वापरतात, ब्लॉक मात्र पाण्यात बुडवू नयेत. भिजलेला ब्लॉक भिंतीत गेल्यावर वाळताना आकसतो आणि भिंतीला उभ्या भेगा पडतात. सवयीने ब्लॉकांच्या ढिगावर पाइप सोडून ठेवणे भिंतीला महागात पडते.

कुंपणभिंतीवर वजन फारसे नसते. तिचा खरा शत्रू वारा. ताशी १४४ किमी वेगाचा, म्हणजे सेकंदाला ४० मीटरचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे ९६ किलोचा दाब देतो. २०० मिमी जाडीची भरीव भिंत १.८ मीटर उंच असेल, तर केवळ स्वतःच्या वजनावर ती अशा वाऱ्यापुढे उभी राहू शकत नाही. उंची दुप्पट केली की उलथवणारा जोर चौपट होतो, भिंतीचे वजन मात्र दुपटीनेच वाढते. म्हणून साधारण दर तीन मीटरवर खांब घेतात. पोकळ ब्लॉक असतील तर पायातून वर काढलेल्या सळ्या पोकळीत घेऊन ती पोकळी काँक्रीटने भरतात. डोक्याच्या वर जाणाऱ्या भिंतीचा हिशेब अभियंत्याकडूनच करून घ्यावा. अशा भिंतीला मातीचा भराव टेकवणे धोक्याचे आहे, कारण माती पेलणारी भिंत हा वेगळाच प्रकार असतो.

पाया घट्ट जमीन लागेपर्यंत खणतात आणि त्याची रुंदी भिंतीच्या जाडीच्या दोन ते तीन पट ठेवतात. पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीत आणखी खोल जावे लागते. पहिला थर आधी मसाल्याशिवाय नुसता मांडून पाहिला, तर शेवटी ब्लॉक कापण्याची वेळ कमी येते. आधी कोपरे उभे करून ओळंब्यात घेतात, मग दोरी ताणून मधले ब्लॉक लावतात. वरच्या थराचा उभा सांधा खालच्या ब्लॉकच्या मध्यावर यावा. एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू हा मसाला नेहमीच्या भिंतीला पुरतो. सिमेंट वाढवल्याने भिंत भक्कम होते हा समज चुकीचा आहे, अती कडक मसाला भेगांना आमंत्रण देतो. लांब भिंतीत साधारण सहा मीटरवर आरपार उभा सांधा मुद्दाम मोकळा ठेवतात. माथ्यावर दोन्ही बाजूंना पुढे आलेले, पाणी ठिबकून जाईल असे पागोळीचे झाकण हवेच. त्याशिवाय पावसाचे पाणी पोकळ ब्लॉकमध्ये उतरते.

फाटकाचा खांब भिंतीपेक्षा वेगळ्या कामाला जुंपलेला असतो. दोन मीटर रुंद, ६० किलो वजनाचा पल्ला, म्हणजे फाटकाची उघडणारी झडप, १.२ मीटर अंतरावरच्या दोन बिजागऱ्यांवर टांगला, तर वरची बिजागरी खांबाला सुमारे ५० किलोच्या जोराने आडवी ओढते आणि खालची तेवढ्याच जोराने ढकलते. पल्ल्याच्या मोकळ्या टोकाला ३० किलोचे मूल लोंबकळले की हा जोर दुप्पट होतो. नुसते ब्लॉक एकमेकांवर रचून केलेला खांब ही ओढ फार काळ सोसत नाही. खांब सळ्यांसह काँक्रीटचा, स्वतःच्या पायावर असावा. दोन्ही खांबांचे पाय जमिनीखाली तुळईने जोडले तर उत्तम. बिजागरीची लोखंडी पाटी सळ्यांना वेल्ड करून काँक्रीट ओतण्यापूर्वीच बसवावी. नंतर भोक पाडून ठोकलेले बोल्ट ब्लॉकमध्ये लवकर सैल होतात.

पल्ल्याची चौकट चौकोनी पाइपची करतात. आधी चारी कोपऱ्यांना टाके, म्हणजे वेल्डिंगचे छोटे तात्पुरते ठिपके, मारून दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तरच पूर्ण वेल्डिंग करावे, तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीने, नाहीतर उष्णतेने चौकट पीळ खाते. पल्ला झुकू नये म्हणून तिरका दांडा घालतात आणि त्याची दिशा महत्त्वाची असते. पाइपचा दांडा खालच्या बिजागरीकडून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे जावा, कारण तो दाब घेतो. उलट दिशेने, वरच्या बिजागरीपासून खाली, पातळ पट्टी चालते, कारण तिथे फक्त ताण असतो. जस्त चढवलेला पाइप जोडताना सांध्याजवळचे जस्त घासून काढावे आणि काम उघड्यावर करावे. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. पाइपची टोके बंद करून तळाला एक बारीक छिद्र ठेवले की आत साचणारे पाणी निघून जाते.

खांबाचे काँक्रीट २८ दिवसांत पुरेसे बळ धरते. पल्ला त्यानंतर टांगावा आणि उघडताना तो ज्या जमिनीवरून फिरणार तिथला चढ मोजूनच खालची फट ठरवावी.