अ‍ॅव्होकाडो टोस्ट

पिकलेल्या अ‍ॅव्होकाडोचा गर काट्याने चेचून, त्यात मीठ, मिरपूड नि लिंबू घालून भाजलेल्या पावावर जाडसर थापलेला न्याहारीचा पदार्थ. ठाण्यात घोडबंदर रोडवर, नवी मुंबईत वाशी-सीवूड्सच्या कॅफेंत तो आता रुळला आहे.

फळ मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले, दालचिनी-तमालपत्राच्या कुळातले. भारतात ते कूर्ग, वायनाड, निलगिरीत होते. फळवाले त्याला ‘बटर फ्रूट’ म्हणतात. तुर्भ्याच्या एपीएमसी फळबाजारात त्याच्या जोडीला टांझानियासारख्या देशांतले आयात फळही येते. पदार्थ कॅफेत लोकप्रिय करण्याचे श्रेय बहुधा सिडनीचे बिल ग्रेंजर यांना देतात; त्यांचे कॅफे १९९३ मध्ये सुरू झाले.

त्याला उधळेपणाचा शिक्का मात्र ऑस्ट्रेलियातच बसला. घर घ्यायची धडपड चालू होती तेव्हा आपण १९ डॉलरचा अ‍ॅव्होकाडो टोस्ट खात नव्हतो, असे तिथले बांधकाम उद्योजक टिम गर्नर २०१७ मध्ये म्हणाले आणि जगभर वाद पेटला. सिडकोच्या घरांच्या सोडतीकडे डोळे लावून बसलेल्या नवी मुंबईकराला हा हिशेब लगेच तपासता येतो. प्लेट ४०० रुपयांची आणि महिन्याला चार धरल्या, तर वर्षाचे १९,२०० होतात. ८० लाखांच्या फ्लॅटला सुरुवातीला पदरचे २० टक्के भरायचे म्हणजे १६ लाख. ते साठायला ८३ वर्षे लागतील. तरुणांना घर परवडत नाही ते जागेच्या भावामुळे, नाश्त्यामुळे नव्हे.

घरी केला तर खर्च बराच कमी येतो. मिरपुडीऐवजी बारीक चिरलेली हिरवी मिरची, कांदा आणि कोथिंबीर घातली की चव आपल्या जिभेला ओळखीची वाटते. शिळी भाकरी तव्यावर कडक करून तिच्यावर हाच गर लावला तर तो पावापेक्षाही सरस लागतो. लिंबू चुकवू नये. कापलेला गर हवेने काळा पडतो, लिंबाच्या आंबटपणाने ते लांबते.

सगळी मदार फळ पिकण्यावर. हे फळ झाडावर पिकत नाही, तोडल्यावरच मऊ पडते; म्हणून हापूसच्या अढीसारखेच त्याला तांदळाच्या डब्यात किंवा केळ्यांसोबत कागदात गुंडाळून ठेवतात. हास जातीची साल पिकताना काळपट होते, दक्षिणेतली बरीच फळे हिरवीच राहतात, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नये. देठाजवळ अंगठ्याने हलके दाबावे: किंचित दबले तर आज कापावे, टणक लागले तर परत डब्यात.