वाड्याची दुरुस्ती (नाशिक)

जुन्या नाशकातला पडका वाडा मूळ सांगाडा राखून पुन्हा राहण्याजोगा करणे. सराफ बाजार, तिवंधा, भद्रकाली, पंचवटी भागांतल्या वाड्यांची घडण साधारण सारखी: काळ्या दगडाचे जोते, सागवानी खांब-तुळया, मधे विटा-मातीचा भराव, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्यांचे छत. आतला भार मुख्यतः लाकूड पेलते. त्यामुळे एखादी आतली भिंत ढासळली म्हणून वाडा गेला असे नाही. खांब कुजले तर मात्र खैर नाही.

काम वरून सुरू होते. धाबे (मातीचे सपाट छप्पर) गळले की मातीचा नवा थर टाकायचा, या सवयीने अर्ध्या फुटाचा थर फूटभर होतो. एवढ्या ओल्या मातीचे वजन चौरस मीटरला ५०० किलोपर्यंत जाते आणि कड्या वाकतात. आधी खालून टेकू द्यावेत, मग तुळईच्या दोन्ही अंगांनी माती सारखी उतरवावी. एकीकडून उतरवली तर सांगाडा कलतो.

खांब बहुधा तळखड्यापाशी (खांबाखालच्या दगडापाशी) किंवा भिंतीत दडलेल्या अंगाने कुजतो. वरून रंग शाबूत दिसतो, पण पटाशी (सुताराची छिन्नी) टोचली की लाकूड भुशासारखे निघते. तेवढाच भाग तिरका कापून जुन्या, सुकलेल्या सागाचा तुकडा जोडतात. सांधा खांबाच्या जाडीच्या तिप्पट लांब हवा. खचलेला खांब जॅकने हळूहळू, काही दिवसांत उचलावा. घाई केली की वरचे सांधे उखळतात.

सर्वांत जास्त नुकसान सिमेंटचा गिलावा करतो. जोत्यातून चढणारी ओल त्यामागे कोंडते, लोणा (क्षार) लागतो, गिलावा पोपडे धरतो आणि भिंतीतले लाकूड सडते. गिलावा चुन्याचाच हवा: किमान दोन-तीन आठवडे मुरवलेला चुना एक भाग, वाळू व सुरखी (विटांची भुकटी) मिळून दोन-अडीच भाग; पाण्यात हिरडा-गूळ. थर अर्ध्या इंचाहून जाड नको. आठवडाभर ओला ठेवावा.

भिंतीत उगवलेल्या पिंपळाचे मूळ उपटू नये, दगड सोबत येतात. खोड कापून मूळ मारावे, मग तेवढी भिंत उतरवून पुन्हा रचावी.

गोदाकाठी २००८, २०१६ व २०१९ मध्ये पूर आला. तिथे वायरिंग आणि मीटर पुराच्या खुणेच्या वर घ्यावेत. न्हाणीघर व शौचालय तळमजल्यावर, मागच्या अंगाला बांधावे. कडीपाटावर कधीच नको.

खरी अडचण अनेकदा कागदाची असते: सहहिस्सेदार आणि जुने भाडेकरू. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. त्याआधीच संरचना अभियंत्याचा अहवाल आणि सर्वांच्या सह्या मिळवाव्यात.